काचेला काळ खात नाही

बारावीच्या रसायनशास्त्रात 'घन अवस्था' हे पहिले प्रकरण असे. काचेला अतिशीत द्रव का म्हणतात, हा त्यातला हमखास प्रश्न. त्याचे उत्तरही ठरलेले: जुन्या इमारतींच्या खिडक्यांमधल्या काचा खालच्या बाजूला किंचित जाड असतात, कारण काच फार सावकाश वाहत असते. एनसीईआरटीच्या पुस्तकातून हे उत्तर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी पाठ केले. अलीकडे अभ्यासक्रम हलका करताना ते प्रकरण गळाले. समजूत मात्र गळाली नाही. युरोपातली चर्चे पाहून आलेला प्रवासी ती हटकून सांगतो.

गंमत अशी, की या उत्तरावर गुण मिळवलेला माणूस घरी लोणचे भरताना म्हणतो, "पितळेत कळकेल, ॲल्युमिनियमला भोके पडतील, काचेला काही होत नाही." म्हणजे एकाच डोक्यात दोन मते सुखाने नांदतात. काच इतकी पातळ की वाहते, आणि इतकी चिवट की तिला काही होत नाही. पहिल्या मताला आपण प्रवाहवाद म्हणू, दुसऱ्याला अविकारवाद. वरवर पाहता दोघांचे हाडवैर आहे. पण एका बाबतीत दोघांचे गोत्र एकच. काचेचा हिशेब दोघेही फक्त काळाशी मांडतात: एक म्हणतो काळ तिला ओघळवतो, दुसरा म्हणतो काळालाही ती दाद देत नाही. पाण्याचे नाव कोणीच घेत नाही. माझे म्हणणे असे, की काचेच्या आयुष्यात काळ हा नुसता साक्षीदार आहे. खरा व्यवहार काचेची बनावट आणि तिला भेटलेले पाणी यांच्यात होतो. हे मान्य केले नाही तर जुनी काच सांभाळण्याचे सगळे उपाय उलटे पडतात, आणि तसे ते पडलेले आहेत.

प्रथम प्रवाहवाद्याला त्याच्या बळकट जागी गाठू. तो म्हणतो, स्फटिकात अणू कवायतीला उभे असावेत तसे रांगेत असतात. काचेत तशी रांग नाही, मांडणी द्रवासारखी विस्कळीत आहे. शिवाय बर्फ शून्य अंशाला वितळतो तसा काचेला ठरावीक वितळणबिंदू नाही. तापवत गेले की ती हळूहळू मऊ पडते. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. चूक पुढच्या उडीत आहे. मांडणी द्रवासारखी असणे वेगळे आणि द्रवासारखे वागणे वेगळे. जत्रेतली गर्दी विस्कळीत असते, म्हणून ती वाहत असतेच असे नाही. दर्शनाच्या रांगेत रेटारेटी झाली की बोटभरही हलता येत नाही.

आता खिडकीची काच. तावदानी काच एकसारख्या जाडीची काढण्याची युक्ती फार अलीकडची. त्याआधी काच फुंकून करत. फुग्याचा लंबगोल करून तो उभा चिरायचा आणि उलगडायचा, किंवा फुगा नळीच्या टोकावर गरगर फिरवून त्याची पसरट थाळी करायची, ही दोन चलनी तंत्रे होती. दोन्हींत जाडी सारखी राहत नाही. अशा काचेचे तुकडे कापले, की एक कड जाड आणि एक पातळ येणारच. जाड कड खाली ठेवली की तुकडा नीट बसतो, म्हणून बसवणारा बहुधा तसाच बसवी. पण नेहमी नाही. जाड कड वर किंवा बाजूला असलेले तुकडेही जुन्या खिडक्यांत सापडतात. काच वाहत असती, तर ती वरच्या दिशेने कशी वाहिली, याचे उत्तर प्रवाहवाद्याने द्यायला हवे.

दुसरे असे, की या काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या असतात आणि शिसे हा मऊ धातू आहे. ते खरोखरच स्वतःच्या भाराने हळूहळू कलते, म्हणून जुन्या खिडक्यांना पोट येते. काच शिशापेक्षा लवकर ओघळली असे म्हणणे म्हणजे पापड मोडायच्या आधी पोळपाट मोडला म्हणण्यासारखे आहे. तिसरे, अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेच्या दुर्बिणीचे १०२ सेंटिमीटर व्यासाचे भिंग १८९७ पासून कडांवर तोललेले आहे. त्यात नाममात्र ओघळ जरी आला असता तरी तारे फिसकटले असते. तसे झालेले नाही.

हिशेबही उपलब्ध आहे. १९९८ मध्ये ब्राझीलचे एडगर झानोट्टो यांनी हा प्रश्न आकड्यांत मांडला. २०१७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घटकांप्रमाणे काच बनवून तिचा दाटपणा, म्हणजे विष्यंदिता, अभ्यासली गेली. आधीच्या अंदाजांपेक्षा ती काच पुष्कळ 'पातळ' निघाली. तरीही निष्कर्ष असा, की अब्ज वर्षांत ती फार तर एक नॅनोमीटर सरकेल. तुलनेसाठी ब्रिस्बेनचा प्रयोग घ्या. १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी डांबराच्या जातीचा एक घट्ट पदार्थ नरसाळ्यात भरला. २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. साधारण दहा वर्षांना एक थेंब. हा पदार्थ पाण्याच्या २३० अब्जपट दाट. त्याच्यापेक्षा ॲबीची काच आणखी एकावर सोळा शून्ये इतक्या पटींनी दाट. म्हणजे तसल्याच नरसाळ्यातून काचेचा एक थेंब पडायला एकावर सतरा शून्ये इतकी वर्षे हवीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दहा, शंभर करत निघालेली संख्यांची नावे ज्या नावाशी थांबतात ते हेच: परार्ध. विश्वाचे वय त्यापुढे चिल्लर आहे. प्रवाहवाद इथे संपला.

अविकारवादी एवढ्याने खूश होईल. तो म्हणेल, "बघा, काच ढिम्म हलत नाही, आम्ही हेच म्हणत होतो." त्याने घाई करू नये. लोणच्याची बरणी ही त्याची मुख्य साक्ष, आणि ती साक्षच एकांगी आहे. लोणचे आंबट असते, आणि आजची चांगली काच आंबटाला सहज पुरून उरते. तिची परीक्षा घ्यायची तर क्षाराने घ्यावी. आणि साधे पाणीसुद्धा काचेजवळ पुरेसे राहिले तर स्वतःच क्षार होते.

याचा पुरावा अडीचशे वर्षे जुना आहे. पाणी उकळत ठेवले की तळाशी माती उरते, त्यावरून पाण्याची माती होते असे रसायनज्ञ मानत. लाव्हाझिए यांनी १७६८ च्या हिवाळ्यात पॅरिसला एका बंद काचपात्रात पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन केलेले पाणी १०१ दिवस तापवले. अखेरीस पाण्यात माती दिसली. पण पात्रासकट एकूण वजन बदलले नव्हते. बदलले होते ते रिकाम्या पात्राचे. ते हलके झाले होते, आणि जेवढे हलके झाले जवळपास तेवढीच माती मिळाली होती. पाण्याची माती झाली नव्हती. पाण्याने काच खाल्ली होती. रसायनज्ञ शेले यांनी स्वतंत्रपणे त्या 'माती'चे पृथक्करण केले आणि ती काचेतल्याच घटकांची असल्याचे दाखवले. आधुनिक रसायनशास्त्राच्या उंबरठ्यावरचा हा प्रयोग आपण 'पाण्याची माती होत नाही' एवढ्यासाठी लक्षात ठेवला आणि त्याची दुसरी बाजू विसरलो.

आणखी घरगुती पुरावा हवा असेल तर हळद आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या देशाला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रसायनज्ञ काचेची पूड ओली करून हळदीच्या कागदावर ठेवत. कागद लालसर होई. म्हणजे निर्लेप म्हणून मिरवणाऱ्या काचेतून नुसत्या पाण्याने क्षार सुटत होता.

हे घडते कसे? काचेचा सांगाडा वाळूचा, म्हणजे सिलिकाचा. पण शुद्ध वाळू वितळवायला १७०० अंशांची धग लागते. जुन्या भट्ट्यांना ती झेपणारी नव्हती. म्हणून सोडा किंवा पोटॅश घालून वाळू लवकर वितळवायची. याची किंमत पुढे मोजावी लागते. सोड्याचे आणि पोटॅशचे आयन त्या सांगाड्यात घरमालक नसतात, भाडेकरू असतात. पाणी आले की त्यातले हायड्रोजनचे आयन आत शिरतात आणि हे भाडेकरू बाहेर पडतात. काचेच्या पृष्ठावर क्षार हरवलेला, पाणी शोषलेला मऊ थर उरतो. बाहेर पडलेला क्षार पाण्यातच राहिला, तर ते पाणी तीव्र होत जाते. त्याचा सामू नऊच्या पुढे गेला की वाळूचा सांगाडाच विरघळू लागतो. म्हणून काचेला धो धो पावसापेक्षा जास्त भीती असते ती थांबलेल्या ओलाव्याची: दवाच्या थेंबाची, शेवाळाखाली साचलेल्या ओलीची, बंद कपाटातल्या दमटपणाची. पाऊस क्षार धुऊन नेतो; ओल तो तिथेच मुरवते.

भाडेकरूंना धरून ठेवणारा घटकही असतो: चुना. आणि इथेच बनावटीचा मुद्दा येतो. रोमन कारागीर इजिप्तच्या वादी नत्रूनमधला नैसर्गिक सोडा वापरत. त्यांच्या काचेत शंभरात सुमारे सत्तर भाग सिलिका असे. आठव्या-नवव्या शतकांत या सोड्याचा पुरवठा आटला, तेव्हा आल्प्सच्या उत्तरेकडच्या काचवाल्यांनी जंगलाकडे मोर्चा वळवला. बाराव्या शतकाच्या सुमाराला थिओफिलस या भिक्षूने लिहून ठेवलेली कृती अशी: बीच झाडाच्या राखेचे दोन भाग आणि वाळूचा एक. या राखेत पोटॅश भरपूर, चुनाही प्रमाणाबाहेर; सिलिका पन्नास-पंचावन्नपर्यंत घसरलेली. सांगाडाच विरळ झाला, मग धरून ठेवणारा चुना तरी कशाला धरणार? गॉथिक चर्चांच्या पुष्कळशा काचा या राखेच्या आहेत. त्यांना आज देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसतात. त्यात जिप्सम आणि सिंजेनाइट या क्षारांच्या पांढुरक्या खपल्या बसतात. कोळशाच्या धुरातला गंधक काचेतल्या चुन्याला आणि पोटॅशला भेटून हे तयार होतात.

"पण ही काच आठशे वर्षांची झाली, झिजायचीच," असे काळवादी म्हणेल. त्याला फ्रान्समधल्या शार्त्रला न्यावे. तिथल्या कॅथीड्रलच्या पश्चिमेकडच्या तीन खिडक्या बाराव्या शतकाच्या मध्यातल्या; ११९४ च्या आगीतून त्या वाचल्या. त्यांतला निळा रंग जगप्रसिद्ध आहे आणि तो शेजारच्या रंगांपेक्षा कितीतरी स्वच्छ राहिला आहे. कारण ती निळी काच सोड्याची आहे. आजूबाजूची बरीचशी राखेची. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या बाराव्या शतकातल्या निळ्या काचेतही हेच आढळले. खिडकी तीच, ऊन तेच, पाऊस तोच, वय तेच, पट्टीचे शिसे तेच; एक तुकडा खड्ड्यांनी भरला आणि त्याला खेटून असलेला तुकडा झगमगतो आहे. काळ मारेकरी असता, तर त्याने दोघांना सारखेच मारले असते. न्यायशास्त्रात याला व्यभिचारी हेतू म्हणतात: कारण हजर, कार्य गैरहजर. काळाचा हेतू इथे व्यभिचारी ठरतो.

बनावटीत आणखी एक चकवा आहे: शुद्धता. पंधराव्या शतकात मुरानोच्या कारागिरांनी स्फटिकासारखी नितळ काच हवी म्हणून वनस्पतींची राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून वापरली. रंग बिघडवणारी अशुद्धी गेली. तिच्याबरोबर चुनाही गेला. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्ट यांनी आपल्या नव्या बिलोरी काचेचे पेटंट घेतले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पेल्यांवर केसासारख्या चिरांची जाळी धरू लागली. त्यांनी शिशाचे प्रमाण वाढवले, दोष गेल्याचे जाहीर केले, खात्रीची खूण म्हणून पेल्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहर उठवली. ती मोहर असलेले काही पेलेही आज जाळीने धूसर झालेले आहेत. त्यांच्या पृष्ठावर दमट हवेत क्षाराचे घाम आल्यासारखे थेंब जमतात; हवा फार कोरडी पडली तर पाणी शोषलेला थर आकसून तडकतो. याउलट आपल्याकडच्या प्राचीन काचेच्या मोठ्या भागात ॲल्युमिना भरपूर असते, कारण ती खाऱ्या जमिनीवर फुटणाऱ्या रेह नावाच्या क्षारातून आणि मळकट वाळूतून केलेली आहे. ॲल्युमिना सांगाडा घट्ट करते. मुरानोच्या मापाने ती काच गावठी. टिकण्याच्या मापाने सरस. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्यासह उत्खनन करणारे मो. गं. दीक्षित यांनी 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' हा ग्रंथ लिहिला आणि मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये काढला. मणी आणि बांगड्यांच्या तुकड्यांकडे किती गंभीरपणे पाहता येते, हे त्यावरून कळते.

अविकारवाद्याची शेवटची ढाल म्हणजे संग्रहालयातली रोमन काच. दोन हजार वर्षे मातीत राहून तिच्यावर मोरपिसासारखी झळाळी! पण ती झळाळी काचेची नव्हेच. ओलीने काचेचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्या अतिपातळ पापुद्र्यांतून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून इंद्रधनुष्याचे रंग दाखवतो. ज्याला आपण तेज म्हणतो ते खरे तर पोपडे आहेत. काचकलावंत टिफनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच रूप मुद्दाम घडवून विकले, तो भाग वेगळा. १९६१ मध्ये रॉबर्ट ब्रिल आणि हॅरिसन हूड यांनी सुचवले, की झाडाच्या वलयांसारखे हे पापुद्रे मोजून काचेचे वय काढता येईल. कल्पना मोहक होती, पण घड्याळ म्हणून ती पद्धत रुजली नाही. थर किती सुटतील हे वर्षांवर ठरत नाही; ओल, माती, काचेतले घटक यांवर ठरते. काचेच्या कुजण्यातून काळ वाचता येत नाही, याहून स्पष्ट निकाल कोणता हवा?

येथवर खंडन झाले. आता मंडन, कारण या वादाची किंमत खऱ्या काचांनी चुकती केली आहे. काळाने मळलेली वस्तू घासून लख्ख करावी, ही आपली सहज वृत्ती. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत युरोपातल्या कितीतरी खिडक्या तारेच्या ब्रशांनी आणि हायड्रोफ्लोरिक आम्लानेही साफ झाल्या. खपली निघाली, तिच्याबरोबर चेहऱ्यांच्या रंगवलेल्या रेषाही निघाल्या, आणि खालची ताजी काच पावसाला उघडी पडली. ज्याला मळ समजले ते काचेचे मूळ पृष्ठच होते, रूप बदललेले. घासण्याने भागले नाही तेव्हा लेप आले. १९७० च्या दशकात शार्त्रच्या त्याच पश्चिम खिडक्यांवर कृत्रिम राळेचा थर दिला गेला आणि फ्रान्सभर वाद पेटला. ओल धरून बसलेल्या पृष्ठावर पापुद्रा चढवणे म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट मारणे. आपल्याकडच्या कोणत्याही रंगाऱ्याला विचारा, पोपडे कधी धरतील ते तो तारखेसह सांगेल.

योग्य उपाय काचेला हात न लावता होतो. मूळ खिडकीच्या बाहेरून नवी साधी काच बसवायची, मधल्या फटीत आतली हवा खेळती ठेवायची. पाऊस आणि थंडी नव्या काचेवर, जुनी काच कोरडी आणि दोन्ही बाजूंनी सारख्या उबेत. यॉर्क मिन्स्टरला बाहेरची काच १८६१ मध्येच बसली होती. जॉन थॉर्न्टन यांनी १४०५ ते १४०८ मध्ये केलेल्या तिथल्या पूर्वेच्या महाखिडकीचे काम २०१८ मध्ये संपले तेव्हा तिला नव्या पद्धतीचे संरक्षण मिळाले. घाम येणाऱ्या पेल्यांसाठी हवेची सापेक्ष आर्द्रता चाळिसाच्या आसपास स्थिर ठेवतात, कारण पोटॅशचा क्षार त्रेचाळिसाच्या पुढे हवेतले पाणी ओढून चिघळतो. आणि फार खाली नेली तर तडे. लाकडी बंद कपाटे टाळतात, कारण लाकडातून सुटणारी आम्ले त्या क्षाराशी संयोग पावतात. हे सगळे उपाय पाण्याच्या बंदोबस्ताचे आहेत. काळाविरुद्ध त्यांत एकही नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्स यांच्या कारखान्याच्या काचा आहेत. त्यांची काळजी घेताना 'दीडशे वर्षे झाली' हे वाक्य निरुपयोगी आहे. जुलैत त्यांच्यावर ओल किती तास बसते, हा प्रश्न उपयोगी आहे.

कोणी म्हणेल, चर्चच्या काचांची एवढी चिंता आपण का करावी? तारापूर आणि तुर्भे ही दोन गावे त्याचे उत्तर आहेत. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून उरणारा तीव्र किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत मुरवून कायमचा कोंडण्याचे काम तिथे होते. ती काच हजारो वर्षे टिकेल हे कशावरून? प्रयोगशाळेत तेवढा वेळ कोणाकडे नाही. म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञांनी तूलोंजवळच्या आंबिये बेटापाशी बुडालेल्या रोमन जहाजातले काचेचे गोळे तपासले. सुमारे अठराशे वर्षे समुद्रात राहून काच चिरांच्या कडेने बदलली होती, पण किती आणि का, हे पाण्याच्या आणि घटकांच्या हिशेबातून सांगता येत होते. काच अमर नाही. पण तिचे मरण मोजता येते, म्हणून तिच्यावर विसंबता येते. अविकारवाद्याच्या आंधळ्या श्रद्धेपेक्षा हा भरवसा मोठा आहे.

शेवटी एक साक्षीदार उरतो. पावसाळ्याच्या तोंडावर काचेच्या कुठल्याही गोदामात डोकवा. उभ्या रचलेल्या तावदानांच्या मध्ये कागद घातलेले असतात, किंवा बारीक पावडर भुरभुरलेली असते. दोन काचांच्या फटीत ओल शिरली की ती तिथेच अडकते, क्षार होते, आणि महिन्याभरात काचेवर न निघणारा पांढरा डाग उठतो. मग तो माल कोणी घेत नाही. कारखान्यातून येणाऱ्या त्या पावडरीत बऱ्याचदा सौम्य आम्ल मिसळलेले असते, सुटलेल्या क्षाराला जागच्या जागी मारायला. गोदामातल्या माणसाला अतिशीत द्रव ठाऊक नाही. तो जून उजाडला की कागद घालायला विसरत नाही.